ज्याने जोडलं त्याने तपासायचं नाही: मित्रमंडळींनी मिळून लाकडी किंवा पोलादी नळ्यांचं विमान बांधताना

एक-दोन आसनांच्या साध्या विमानातही लाकूड, पोलाद आणि तारा मिळून शेकडो जोड असतात. कापड चढलं की त्यातले बहुतेक कायमचे नजरेआड जातात. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर एकच नियम गृहीत धरला आहे: ज्याने जोड केला त्याने तो पास करायचा नाही. दुसऱ्याने बघायचा, वहीत तारीख घालून सही करायची आणि मगच पुढे जायचं. एकट्याने बांधणाऱ्याला ही सोय नसते, गटाला असते. ती वापरायची नसेल तर गट करण्यात फारसा अर्थ नाही.

गट, आराखडा आणि कागदपत्रं

तीन ते पाच माणसं पुरतात. त्याहून जास्त झाली की हात कमी आणि गप्पा जास्त. कामाचे तास हजाराच्या आत क्वचितच आटोपतात, दोन हजारांपर्यंत सहज जातात. एकाने आराखडे सांभाळावेत (चालू आवृत्ती एकच, जुन्या प्रतींवर लाल फुली), एकाने सामान आणि हिशेब, एकाने नोंदवही. मालकी कोणाची, मधेच कोणी सोडून गेलं तर त्याचा वाटा कसा फेडायचा, पहिलं उड्डाण कोण करणार, हे सगळं लाकडाला रंधा लागण्याआधी कागदावर आणावं. विमान उभं राहिल्यावर या गोष्टी काढल्या की मैत्रीला तडा जातो.

आराखडा अनेकांनी बांधून उडवलेलाच घ्यावा. लाकडात पीटनपोल एअर कॅम्पर (१९२९ मध्ये फोर्ड मॉडेल ए मोटारीच्या इंजिनावर उडालेलं), जोडेल डी-९ (१९४८), बॉवर्स यांचं फ्लाय बेबी आणि इव्हान्स व्हीपी-१ ही जुनी, भरपूर बांधली गेलेली नावं. पोलादी नळ्यांचं धड आणि लाकडी पंख अशा मिश्र बांधणीत बेबी एस. हौशी बांधणाऱ्यांची ईएए ही संघटना १९५३ मध्ये मिलवॉकीत स्थापन करणाऱ्या पॉल पोबेरेझ्नी यांनी हेच विमान १९५५ मध्ये लोकप्रिय केलं.

सामान मागवण्याआधी आपल्या देशाच्या विमान-नियामकाचे नियम वाचा. अमेरिकेत विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी लोकांनी स्वतः केलेलं असावं लागतं, पण ते एकट्याचंच असावं असं नाही, गटाचं काम एकत्र धरतात. ब्रिटनमध्ये टप्प्याटप्प्यावर निरीक्षक येऊन सही करतो. नियम काहीही असोत, रोज फोटो काढा आणि फोटोत मोजपट्टी व हात दोन्ही दिसू द्या.

आराखड्यात सुधारणा करण्याचा मोह प्रत्येक गटाला होतो. "जरा जाड घेऊ, बळकट होईल" हे त्यातलं सगळ्यात महागडं वाक्य. शेपटीकडे वाढवलेलं अर्धा किलो वजन तोलण्यासाठी नाकाकडे दोन-तीन किलो वाढवावं लागतं. शिवाय एक भाग ताठ केला की भार वाट बदलून शेजारच्या मऊ भागावर जातो.

जागा आणि टेबल

पाच-साडेपाच मीटर लांब, एक मीटर रुंद टेबल हे पहिलं अवजार. खाली पेटीसारखी चौकट, वर जाड प्लायवूड. लांबीभर बारीक दोरी ताणून बघा, कुठेही एक मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर पायाखाली पाचर मारून सारखं करा. टेबलाचा पीळ पुढे विमानात उतरतो. कार्यशाळेत तापमापक आणि आर्द्रतामापक दोन्ही हवेत. आणि दार मोजा. तयार धड बाहेर काढायला भिंत फोडावी लागण्याचा विनोद जुना आहे, पण अजून घडतो.

लाकूड पारखणं

सिटका स्प्रूस हे मापदंडाचं लाकूड. डग्लस फर जास्त मजबूत, पण वजनदार आणि चिरण्याला लवकर बळी पडणारं. आराखड्यात परवानगी असेल तरच ते घ्या. प्रत्येक फळीवर पुढच्या गोष्टी बघायच्या.

पहिली, धाग्याची तिरप. शाईच्या पेनाने एक थेंब टेकवला की शाई धाग्याच्या दिशेने पसरते. १५ सेंमी लांबीत धागा १ सेंमीपेक्षा जास्त कडेकडे सरकत असेल तर फळी स्पारसाठी (पंखाचा भार घेणारा लांब मुख्य दांडा) बाद. हे रुंद बाजूवर आणि कडेवर दोन्हीकडे बघा, एकीकडे सरळ दिसणारा धागा दुसरीकडे पळत असतो. दुसरी, वार्षिक वलयं: टोकाकडून बघताना २५ मिमीत किमान सहा. तिसरी, ओलावा ८ ते १२ टक्के. नवीन लाकूड मधे पट्ट्या ठेवून दोन-तीन आठवडे कार्यशाळेतच पडू द्या.

चौथी सगळ्यात फसवी. वाऱ्याने वाकलेल्या किंवा पाडताना आपटलेल्या झाडात धागे दाबाने चुरगळलेले असतात. रंधलेल्या पृष्ठभागावर, धाग्याला आडव्या, केसासारख्या बारीक रेघा दिसतात. दिवा अगदी आडवा धरून बघितल्याशिवाय त्या कळत नाहीत. असं लाकूड लांब सळया काढत मोडत नाही, गाजरासारखं कड्कन तुटतं. त्याचा कुठेही उपयोग करू नका, रिबच्या (पंखाला आकार देणाऱ्या बरगडीच्या) पट्टीलाही नाही.

वजनाची चाचणी सोपी: २५ × २५ × ३०० मिमीचा तुकडा कापून तोला. चांगलं स्प्रूस ७५ ते ८५ ग्रॅम भरतं. ६८ च्या खाली आलं तर ती फळी बाजूला ठेवा, ती हलकी म्हणजे कमजोर आहे.

गोंद

इथे घाई करणारा गट नंतर पंख फोडतो. आज दोनच प्रकार गंभीरपणे विचारात घ्यावेत: रिसॉर्सिनॉल आणि विमानकामासाठी पारखलेला इपॉक्सी. जुना केसीन गोंद ओलीत बुरशीने खाल्ला जातो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

रिसॉर्सिनॉल पाण्याला आणि उष्णतेला अजोड आहे, पण त्याच्या अटी कडक. २१ अंश सेल्सिअसच्या खाली तो नीट पिकत नाही. फट जवळजवळ शून्य लागते. मऊ लाकडावर दर चौरस सेंटिमीटरला ९-१० किलो दाब हवा, म्हणजे क्लॅम्प भरपूर आणि जवळजवळ. इपॉक्सी फट माफ करतो आणि हलक्या दाबावर समाधानी असतो. उलट त्याला करकचून आवळलं की सगळा गोंद बाहेर पिळून जातो आणि जोड उपाशी राहतो. कडेने मण्यांसारखी सलग ओळ बाहेर आली म्हणजे दाब बरोबर. त्याची खरी दुबळी बाजू उष्णता. सामान्य तापमानावर पिकणारे बरेच इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतात आणि उन्हात उभ्या गडद रंगाच्या पंखाचं तापमान त्याच्याही वर जातं. म्हणून इपॉक्सीने जोडलेलं लाकडी विमान पांढरं किंवा फिकट रंगवतात. गडद निळा कितीही देखणा दिसला तरी नाही.

मिश्रण वजनाने करा, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. आकारमानाचं प्रमाण आणि वजनाचं प्रमाण वेगवेगळं असतं. बाटलीवर १:१ वाचून काट्यावर तेच ओतलं की आख्खी खेप बिघडते. एका वेळी ५०-६० ग्रॅमच मिसळा. मोठ्या वाडग्यात इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि हातात घट्ट होतो.

पृष्ठभाग ताजा रंधलेला हवा, त्याच दिवशीचा. पॉलिश पेपरने घासलेल्या लाकडाच्या छिद्रांत भुसा बसतो आणि कडा गोल होतात. रिसॉर्सिनॉलसाठी तर ते टाळाच. प्लायवूड मात्र कारखान्यातल्या गरम दाबाने चकचकीत झालेलं असतं, ते ८० ते १२० नंबरच्या कागदाने हलकं घासावं लागतं. पाण्याचा थेंब टाकून बघा: पसरला आणि शोषला गेला तर ठीक, मोत्यासारखा उभा राहिला तर अजून घासा. कार्यशाळेत सिलिकॉनचा कोणताही फवारा ठेवूच नका.

प्रत्येक खेपेबरोबर त्याच लाकडाचे दोन तुकडे जोडून त्यावर खेपेचा क्रमांक लिहा. आठवडाभराने शिकंजात धरून पटाशीने फोडा. तुटलेल्या पृष्ठभागावर किमान तीन चतुर्थांश भागात लाकडाचे धागे उपटलेले दिसले पाहिजेत. गोंदाची गुळगुळीत चकाकी दिसली तर त्या खेपेचे सगळे जोड वहीतून शोधून काढा. वही नीट नसेल तर सगळंच संशयित. तुकडा फोडण्याचं काम मिश्रण करणाऱ्याकडे देऊ नका.

रिब आणि स्पार

रिबपासून सुरुवात करण्याची रीत चांगली आहे. चूक झाली तर एक रिब जाते, पंख जात नाही. साच्यावर आराखडा चिकटवा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक (मेण नको, ते जोडाला लागतं), ठोकळे घट्ट बसवा. पट्ट्या बहुतेक ६ मिमी चौरस, कोपऱ्यांवर दोन्ही बाजूंनी १.५ मिमी प्लायवूडचे तुकडे, त्यांचा वरचा धागा जोडाला ४५ अंशांत. पुढच्या वळणाची पट्टी गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवून साच्यावर वाकवा आणि रात्रभर वाळू द्या. ओली असतानाच गोंद लावला की ती वाळताना आकसते आणि प्लायवूड सुटतं. प्रत्येक रिब तोला. बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांनी जड असेल तर गोंद जास्त, हलकी असेल तर एखादा तुकडाच राहिला असेल.

स्पारची फळी पूर्ण लांबीची मिळाली नाही तर तिरपा जोड १:१२ ने घ्यावा. २० मिमी जाडीला २४० मिमी उतार, दीड मिमी प्लायवूडला १८. दाब दिला की हे दोन उतार एकमेकांवर घसरतात, म्हणून जोडाबाहेर वाया जाणाऱ्या भागात दोन खिळे मारून आधी जागा पक्की करा. पंखाच्या फिटिंगची भोकं सरतेशेवटी पाडायची, चौकट चौरस झाल्यावर. आधी थोडी लहान, मग रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मापावर. आत वार्निश लावा, कारण लाकडी स्पार कुजायला लागतो तो बोल्टच्या भोकातूनच.

पंखाची चौकट चौरस करताना कर्ण मोजा. प्रत्येक खणाचे दोन्ही कर्ण दीड मिलिमीटरच्या आत सारखे हवेत. तारा एकट्या एका कर्णावर खेचत बसू नका. आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा द्या.

पोलादी नळ्यांचं धड

नळी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची, ४१३० या दर्जाची, नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत निववलेल्या) अवस्थेतली. छोट्या विमानात लांबीच्या मुख्य नळ्या बहुधा १९ मिमीच्या, ०.९ मिमी भिंतीच्या. दिसायला मृदू पोलादही तसंच असतं. पोलाद कारखान्याचा दाखला नसलेली नळी घेऊ नका. आलेल्या नळ्यांवर रंगाची पट्टी मारून भिंतीच्या जाडीप्रमाणे वेगळ्या ठेवा.

टेबलावर धडाची एक बाजू पूर्ण आकारात आखा, ठोकळे लावा, मुख्य नळ्या बसवा आणि मग उभ्या व तिरप्या नळ्या कापा. टोकं माशाच्या तोंडासारखी कोरायची: ग्राइंडरवर ढोबळ, मग अर्धगोल कानशीने नेमकी. फट ०.८ मिमीच्या वर गेली तर तुकडा टाकून द्या. मोठी फट भरणीच्या तारेने बुजवता येते, पण तिथे जास्त धातू वितळतो, जास्त आकसतो आणि सगळं धड त्या दिशेला ओढून घेतो. वाकड्या शेपटीचं मूळ बहुतेक वेळा एका आळशी कानशीत असतं.

दोन्ही बाजू एकाच साच्यात, एकीवर एक करा. मग त्या उभ्या करून आडव्या नळ्यांनी जोडा. मधली रेघ टेबलावर आखा, प्रत्येक खणाला ओळंबा सोडा. या अवस्थेत सगळीकडे फक्त टाके (जागा धरून ठेवणारे वेल्डचे ठिपके): प्रत्येक टोकाला तीन-चार. सगळं धड टाक्यांवर उभं राहिल्यावर मोजून, दुसऱ्याकडून मोजून घेऊन, मगच पूर्ण वेल्डिंग. टाके अगदी इवलेसे मारू नका, ते पटकन थंड होतात आणि तडकतात.

टिग वेल्डिंगला (टंगस्टनच्या टोकाने, आर्गॉन वायूच्या आवरणात केलेलं वेल्डिंग) भिंतीच्या प्रत्येक ०.०२५ मिमीला साधारण एक अँपिअर हा अंदाज धरा, म्हणजे ०.९ मिमीला ३५ च्या आसपास. तार ईआर-७०-एस-२. ऑक्सि-ॲसिटिलीनने करणार असाल तर ज्योत तटस्थ, तार आरजी-४५. नळी आधी घासून चकचकीत करा, ॲसिटोनने पुसा. ब्रेक साफ करण्याचे क्लोरीनयुक्त फवारे वेल्डिंगच्या जवळपासही नकोत. आर्कच्या उष्णतेत त्यातून फॉसजीन हा जीवघेणा वायू तयार होतो.

क्रम महत्त्वाचा. एक कोपरा झाला की त्याच्या समोरच्या तिरप्या कोपऱ्यावर जा, शेजारच्यावर नाही. जोड पूर्ण झाला की त्याला स्थिर हवेत आपोआप निवू द्या. पाणी नाही, पंखा नाही, दारातून झोत नाही. लवकर थंड झालेलं ४१३० ठिसूळ होतं आणि वेल्डच्या कडेला, नळीतच तडा जातो. पूर्ण बंद होणाऱ्या नळीला २ मिमीचं भोक ठेवा. नाहीतर आतली तापलेली हवा शेवटच्या इंचात वितळलेला धातू बाहेर फुंकून टाकते.

शिकणाऱ्याने आधी टाकाऊ नळीवर तीसेक जोड करावेत. त्यातले दोन-तीन करवतीने उभे चिरा: धातू मुळापर्यंत पोचलाय का बघा. एक शिकंजात धरून नळी वाकेपर्यंत हातोड्याने बडवा. नळी वाकली, चिमटली आणि वेल्ड टिकला तर हात तयार झाला. कडेने खाच पडलेली दिसली तर प्रवाह जास्त, धातू वर नुसता बसलेला दिसला तर कमी.

नळ्या आतून गंजू नयेत म्हणून गरम जवसाचं तेल ओतून, धड सगळ्या बाजूंनी फिरवून, निथळू द्या आणि भोकं बंद करा. बाहेरून दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. पावडर कोटिंग दिसायला सुरेख असतं, पण त्या जाड लवचीक थराखाली तडा लपतो. दरवर्षी वेल्ड बघावे लागणार असतील तर पातळ, फिकट रंग बरा.

बोल्ट आणि तारा

बोल्ट एएन (अमेरिकी विमानकामाच्या मानकाच्या) दर्जाचेच. आट्यांवर भार नको, गुळगुळीत भागच भोकात असावा. गरज पडल्यास वॉशर घाला, पण तीनपेक्षा जास्त नाही. फिरणाऱ्या सांध्यांना किल्ला-नट (पिनेसाठी वर खाचा असलेला) आणि पिन. नायलॉनवाला नट इंजिनाच्या उष्णतेजवळ नको. एएन-३ बोल्टला २०–२५ इंच-पौंड, एएन-४ ला ५०–७०. लाकडावर मात्र हे आकडे चालत नाहीत. तिथे मोठा वॉशर घाला आणि तो लाकडात रुतायला लागण्याच्या आधी थांबा.

नियंत्रणाच्या तारा बहुधा ३.२ मिमी, ७×१९ वळणाच्या (१९ बारीक तारांचे ७ पेड). टोकाचा तांब्याचा स्लीव्ह त्याच्याच हत्याराने तीनदा दाबायचा, मधला दाब आधी, आणि मापकाने तपासायचा. टर्नबकलबाहेर (तारेचा ताण जुळवणारा फिरता सांधा) तीनपेक्षा जास्त आटे दिसू नयेत. सगळ्यात शेवटी एकाने काठी हलवायची आणि दुसऱ्याने मोठ्याने सांगायचं: काठी उजवीकडे, उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप) वर. उलट्या जोडलेल्या एलेरॉनने अनुभवी वैमानिकही मारले आहेत.

कापड

झाकण्याआधीची तपासणी बाहेरच्या माणसाकडून करून घ्या, गटातल्या नाही. मग पॉलिएस्टर कापड चिकटवा आणि इस्त्रीने तीन फेऱ्यांत ताणा: १२० अंश, १५० अंश, १७५ अंश. इस्त्रीच्या बटणावर विश्वास ठेवू नका, पृष्ठभागाचं तापमान मापकाने बघा. १७५ च्या वर गेलं की कापडाचा ताण उलट सुटतो. हलक्या बांधणीच्या शेपटीवर पूर्ण ताणाने चौकट वाकू शकते, तिथे इस्त्री अधूनमधून थांबवून मोजा. कापड दोऱ्याने रिबला शिवताना टाक्यांचं अंतर आराखड्याप्रमाणे, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) झोतात जास्त जवळ. चंदेरी (ॲल्युमिनियमची पूड मिसळलेल्या रंगाचा) थर टाळू नका, उन्हातली अतिनील किरणं पॉलिएस्टर खातात. प्रत्येक खणाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात निचऱ्याचं भोक.

इंधनाची चाचणी

इंजिन आराखड्यात सांगितलेलंच. इंधन नुसतं येतं की पुरेसं येतं, हा प्रश्न वेगळा. ६५ अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरावर ताशी साधारण २२-२३ लिटर पितं. गुरुत्वाने इंधन येत असेल तर त्याच्या दीडपट, म्हणजे ताशी ३४ लिटर वाहिलं पाहिजे. पंप असेल तर सव्वापट. नाक चढाईच्या कमाल कोनापेक्षा थोडं जास्त उचला, टाकीत तळाशी थोडंच इंधन ठेवा, कार्ब्युरेटरकडची नळी सोडून बाटलीत घ्या. एक लिटर १०६ सेकंदांत भरलं पाहिजे. भरलं नाही तर आधी टाकीच्या झाकणाचा श्वासमार्ग बघा, मग नळीतलं एखादं वर चढून खाली येणारं वळण, जिथे हवा अडकते. गाळणी सगळ्यात शेवटी, कारण ती सगळे आधीच बघतात.

तोल

बंद खोलीत, विमान उड्डाणाच्या समतल स्थितीत, शेपूट स्टँडवर. समजा पंखाची पुढची कड हा शून्यबिंदू, पंखाची रुंदी १.५ मीटर. मुख्य चाकं ०.१० मीटरवर मिळून २४५ किलो, शेपटीचं चाक ४.४० मीटरवर २० किलो. घूर्ण (वजन गुणिले अंतर) २४.५ अधिक ८८, म्हणजे ११२.५. भागिले २६५ किलो, म्हणजे तोलाचा बिंदू (गुरुत्वमध्य) ०.४२ मीटरवर: रुंदीच्या २८ टक्के. छान वाटतं. आता १.० मीटरवर ८० किलोचा वैमानिक बसवा. १९२.५ भागिले ३४५, म्हणजे ०.५६ मीटर: ३७ टक्के. आराखड्याची मागची मर्यादा ३३ असेल तर हे विमान उडवायचं नाही. रिकाम्या विमानाचा आकडा पाहून खूश होणारे गट इथेच फसतात.

उपाय नाकात शिसं भरणं नव्हे. वर पंख असलेल्या जातीत पंखच मागे सरकवता येतो. इथे पंख ६० किलोचा धरला आणि १० सेंमी मागे नेला तर तोल सुमारे ३२ टक्क्यांवर येतो. दुसरा मार्ग इंजिनाचा माउंट लांबवणं. दोन्ही आराखडाकाराला विचारून, आणि त्यानंतर पुन्हा तोलून. पुढच्या आसनावरचा प्रवासी, रिकामी टाकी, भरलेली टाकी, सगळ्यात हलका व सगळ्यात जड वैमानिक, असे सगळे मेळ लिहून कॉकपिटमध्ये चिकटवा.

लाकडी पंखा (प्रोपेलर) असेल तर पहिल्या तासाभराच्या इंजिन-चाचणीनंतर त्याचे बोल्ट पुन्हा आवळून बघा. पहिल्या उड्डाणानंतर पुन्हा, आणि हवा ओली-कोरडी झाली की परत. लाकूड आकसलं की बोल्ट ढिले होतात आणि हबवर पंखा घासून जळकट होतो. अमेरिकेत नवं विमान सुरुवातीला सहसा २५ तास, आणि इंजिन-पंख्याची जोडी प्रमाणित नसेल तर ४० तास, ठरलेल्या क्षेत्रातच उडवावं लागतं. त्या काळात दर पाच तासांनी सगळी झाकणं उघडून एक यादी पुरी करा: तारांच्या टोकांची घसट, वेल्डजवळच्या रंगातली केसाएवढी रेघ, स्पारच्या बोल्टभोवतीचा काळपट डाग. यादी धरून बघणारा प्रत्येक वेळी वेगळा असावा.